गांधार कुणाचा ठेवायचा? लातूरच्या गंजगोलाईजवळच्या पेटी-कीबोर्ड रिपेअरिंगच्या दुकानाचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते आधीच सांगतो म्हणजे घाईतल्या लोकांनी इथूनच परत फिरावं. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि तेवीस दिवस लावले, मधे आमच्या गावचा सप्ता येऊन गेला, अण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना शेजारच्या गावातनं पेटी मागून आणावी लागली आणि त्या पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर बिडीच्या पुठ्ठ्यावर आकडा लिहून दिला. झालं, तक्रार संपली, आता बाकीचं सांगतो आणि ते जरा लांबेल कारण मी फिजिक्सच्या ट्यूशन घेतो, आम्हाला थोडक्यात सांगायची सवय नसते.

दुकानाला पाटी नाही. गंजगोलाईतनं जे सोळा रस्ते फुटतात त्यातल्या एकाला लागून आत बोळ आहे, भांड्यांची दुकानं संपली की डाव्या हाताला. पाटी नसली तरी चुकायचं कारण नाही, आतनं कायम एकच सूर लांबलचक येत असतो. दुकानाचे उभे दोन भाग आहेत. डावीकडं चाचा बसतात, वय सत्तरीच्या पुढं, त्यांच्याकडं फक्त पेट्या. उजवीकडं त्यांचा पुतण्या, त्याच्याकडं कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कधी कधी इन्व्हर्टरसुद्धा. मधल्या भिंतीवर आप्पा जळगावकरांचा पेपरातनं कापलेला फोटो, पिवळा पडलेला. आप्पा आपल्या मराठवाड्याचे, जालन्याचे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, मी नावावरनं खानदेशातले समजत होतो.

आमची पेटी अण्णांनी तरुणपणी घेतलेली, ४२ पट्ट्या म्हणजे साडेतीन सप्तकं, खर्ज-नर अशी डबल लाईन, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक खालच्या सप्तकातला (खर्ज) आणि एक वरचा (नर), म्हणजे आत ८४ सूर. (ज्यांना पेटीचं माहीत नाही त्यांच्यासाठी, आत पितळेच्या ज्या जिभा असतात त्यांनाच सूर म्हणतात.) औसा तालुक्यातल्या आमच्या पत्र्याच्या घरात माळ्यावर ती चार-पाच उन्हाळे पडून होती. खाली काढली तेव्हा भाता मारला की एक पट्टी आपोआप वाजायची, दुसऱ्या दोन दाबल्या तर वर यायच्या नाहीत, आणि सगळी पेटी दमेकऱ्यासारखी सूं सूं करायची. आधी एका ठिकाणी दाखवली होती, दुकानाचं नाव घेत नाही, त्या गड्यानं भात्याच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून पाचशे रुपये घेतले होते. चाचांनी तो तुकडा नखानं उचकटला, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "सर, पंक्चर कुठं काढलाव?"

तपासायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी भाता भरून हात सोडला आणि एकही पट्टी न दाबता नुसते बसले. पेटीत दोन भाते असतात, बाहेरचा आपण हातानं हलवतो तो, आणि आत पोटात स्प्रिंगवर दाबलेला दुसरा, तो हवा साठवून एकसारखी सोडतो, म्हणून आपण भाता परत मागं ओढताना आवाज तुटत नाही. पोटातली हवा किती वेळ टिकते ते चाचा मनात मोजत होते. आमची सहाच्या आत संपली. "गळलालाय," म्हणाले, "चामडं वाळून लाकूड झालंय." पट्टीच्या खाली, आतल्या भोकावर जे झाकण बसतं त्याला चामडं लावलेलं असतं, ते कडक झालं की झाकण नीट टेकत नाही आणि पट्टी न दाबता सूर वाजतो. मी म्हणलं उन्हानं सूर पण उतरले असतील ना, ४३ डिग्रीत पत्र्याखाली होती. तर ते नाही म्हणाले, उन्हानं लाकूड जातं, चामडं जातं, पितळ तसंच राहतं.

घरी येऊन विचार केला तर बरोबरच आहे की. बासरी, सनई, चर्चमधला पाईप ऑर्गन यांच्यात आवाजाची उंची नळीतल्या हवेवर ठरते, हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि सूर चढतो. पेटीत नळीच नाही. पितळेची जीभ तिच्या चौकटीतल्या फटीतनं आत-बाहेर हलते आणि हवेचा झोत कापते, किती वेळा हलणार ते जिभेची लांबी, जाडी, वजन ठरवतं, तापमानानं अगदी किंचित फरक पडतो. आणि हवा अशी झटक्यानं कापली जाते म्हणून त्या आवाजात वरचे स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे बारीक सूर) इतके भरपूर असतात, पेटीचा आवाज गर्दीतही लपत नाही तो त्यामुळं. कीर्तनात दोनशे टाळ वाजत असताना बासरी ऐकू येते का बघा कधी.

आता मूळ गोष्ट. मी वीस वर्षं पोरांना बीट्स शिकवतोय, दोन फ्रिक्वेन्सींची वजाबाकी म्हणजे सेकंदाला तितक्या लाटा, नीट परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, तिसऱ्या सेकंदाला उत्तर काढायची ट्रिक पण आहे माझ्याकडं. पण लाट ऐकली मात्र चाचांच्या दुकानात. त्यांनी एक पट्टी दाबून आधी नुसता नर वाजवला, मग खर्जाचा स्टॉपर ओढला आणि आवाज वॉव वॉव वॉव असा हलायला लागला. "लाट येलालीय, ऐका." खर्ज आणि नर एका सप्तकाच्या अंतरावर, मग लाट कशी, हा प्रश्न मला पडला कारण पुस्तकात दोन जवळच्या फ्रिक्वेन्सी असतात. तर खर्जाच्या पोटात त्याचा दुप्पट स्वरांश असतोच, समजा नर २२० वर (सेकंदाला २२० कंपनं, म्हणजे २२० हर्ट्झ) आहे आणि खर्ज ११० ऐवजी १०९ वर घसरलाय, तर त्याची दुप्पट २१८, आणि २२० वजा २१८, सेकंदाला दोन लाटा. चाचांना यातला एकही आकडा माहीत नाही. त्यांनी सूर बाहेर काढला, जिभेखाली पातळ पत्रा सरकवला आणि टोकाकडं ब्लेडनं दोनदा खरवडलं, परत बसवला, लाट मंद झाली, परत काढून एकदा खरवडलं, लाट गेली. टोक हलकं झालं की जीभ जोरात हलते, सूर चढतो. उतरवायचा असेल तर मुळाशी खरवडायचं, तिथं ती लवचिक होते आणि सावकाश हलते. असं ८४ वेळा. मी तिथं बसून पन्नासेक मिनिटं बघितलं, चहा दोनदा आला, माझी चारची बॅच बुडाली.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी जे विचारलं त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहितोय. "सर, गांधार पेटीचा ठेवू का गाणाऱ्याचा?" (गांधार म्हणजे सा रे ग मधला ग.)

मला वाटलं चेष्टा करतायत. पेटीच्या जन्मापासूनचं भांडण आहे हे. १८४० मध्ये पॅरिसच्या आलेक्झांद्र दबेंनं हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ती पायानं हवा भरायची, मोठी, टेबलासारखी. आपल्याकडं खाली बसून वाजवायची हातभात्याची पेटी केली कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी, १८७५ च्या आसपास. पण सुरांची मांडणी युरोपातलीच राहिली, सप्तकाचे बारा एकसारखे तुकडे, प्रत्येक स्वर आधीच्याच्या १.०५९५ पट. त्यात कोणताही सा धरा, सगळीकडं सारखंच अंतर मिळतं ही सोय. पण गळ्यातला शुद्ध गांधार सा च्या बरोबर सव्वापट असतो, १.२५, आणि पेटीचा येतो १.२६ च्या जवळ. सेंटमध्ये सांगायचं तर (एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत १०० सेंट) पेटीचा गांधार १४ सेंटनी चढा. १९४० ला रेडिओनं पेटीवर जी बंदी घातली, जी उठायला १९७१ उजाडलं, तिच्यामागं मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही हे एक कारण होतं तसं हे पण होतं. डॉ. विद्याधर ओकांनी तर यासाठी २२ श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची) वेगळी पेटीच बनवली.

अण्णा काळी एकमधनं गातात, म्हणजे पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. सा १३८.६ हर्ट्झ. गळ्यातला गांधार १७३.२ आणि पेटीतला १७४.६. दोघं एकदम लागले तर तीन सेकंदांत चार लाटा. आणि पेटीवर नुसता सा आणि ग धरला तरी वरच्या स्वरांशांत सेकंदाला साडेपाच. लहानपणी अण्णा गांधारावर थांबले की पेटीवरचं बोट उचलायचे, मला वाटायचं ती त्यांची ष्टाईल आहे.

तिथूनच फोन लावला. अण्णा म्हणाले, "माझ्या गळ्याचा ठेव म्हन. मी गेल्यावर परत घासून घ्या तुमचं तुमी." चाचांनी स्पीकरवर ऐकलं आणि हसले नाहीत, मला समजावून सांगितलं की गांधार ट्यूनिंग केलं की पेटी एका गाणाऱ्याची होते. काळी एकचे शुद्ध गांधार, धैवत, निषाद म्हणजे पट्टीनं बोलायचं तर पांढरी चार, काळी पाच आणि पांढरी एक, हे तिन्ही खाली येणार, अनुक्रमे १४, १६, १२ सेंट असा माझा हिशोब. मग उद्या भजनी मंडळातला दुसरा कोणी पांढरी एकमधनं गायला बसला तर त्याचा सा खाली गेलाय आणि पंचम जागेवरच आहे, त्यांच्यातलं अंतर बारा सेंटनी फाटलं. सा-पंचम फाटलेला कुणालाही कळतो, त्याला कान तयार असायची गरज नाही. शिवाय प्रत्येक वेळी घासलं की जीभ पातळ होत जाते, पाच-सहादा मागं-पुढं केलं की सूर बाद, मग गुजरातेतल्या पालिताण्याहून नवा मागवा. एवढं सगळं कोण सांगतं हो गिऱ्हाइकाला? आम्ही गळ्याचाच ठेवला.

उजव्या भागाकडं येतो. माझी पोरगी सातवीत आहे, तिला मी आधी एक कीबोर्ड ऑनलाईन घेऊन दिला होता, ६१ पट्ट्या, दोनशे टोन, शंभर ऱ्हिदम, खोक्यावर सगळं लिहिलेलं. फक्त एक लिहिलं नव्हतं की पट्टी हळू दाबा का आपटा, आवाज तितकाच येतो. पुतण्यानं (इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केलेला पोरगा आहे, बोलतो कमी) तो उघडून दाखवला. प्रत्येक पट्टीखाली रबराचा फुगवटा, त्याच्या पोटात कार्बनचा एक काळा ठिपका, पट्टी दाबली की ठिपका खालच्या सर्किटला टेकतो, बस, स्विच चालू. दाराची बेल. मग शेजारी पडलेला दुसरा उघडला, त्यात प्रत्येक पट्टीला दोन ठिपके, एक जरा उंच एक जरा खोल, आधी एक टेकतो मग दुसरा, आणि त्या दोन टेकण्यांमधला वेळ मशीन मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट वेगात आलं म्हणजे आवाज मोठा. त्याचा आकडा १ ते १२७, ही भाषा १९८३ च्या मिडीपासून चालत आलीय, कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी बोलू शकतो तो त्यामुळं. गंमत म्हणजे त्यात जोर कुठंच मोजलेला नाही, नुसता वेग. पण खऱ्या पियानोत पण तसंच आहे म्हणा, हातोडी तारेवर आदळायच्या थोडं आधी पट्टीपासून सुटते, मोकळी उडत जाते, सुटताना तिचा जो वेग असेल तोच आवाज. ही सुटणारी हातोडी फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास बसवली, त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची आणि बोट कसंही मारा आवाज एकच, आमच्या ऑनलाईन कीबोर्डसारखा.

पियानो मी आयुष्यात एकदाच जवळून बघितलाय, पुण्यात. ८८ पट्ट्या, दोनशेच्या वर तारा, आणि सगळ्यांचा ताण मिळून वीस टनांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं गळीत हंगामात दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर जातो ना, साधारण तेवढा ऊस त्या ओतीव लोखंडाच्या चौकटीला टांगलाय असं समजा. लातुरात ते सांभाळणार कोण. इथं लोकांना पियानो माहीत आहे तो कीबोर्डचा पहिला टोन म्हणून.

पुतण्याचं मुख्य गिऱ्हाईक ऑर्केस्ट्रावाले आणि आराधी मेळेवाले, नवरात्र आलं की त्याच्याकडं उभं राहायला जागा नसते. निम्म्या कीबोर्डांचा आजार एकच, रबर आणि सर्किटच्या मधे धूळ जाते, दुसरा ठिपका उशिरा टेकतो आणि एखादीच पट्टी मरगळलेली वाजते नाहीतर एकदम किंचाळते. तो रबराच्या पट्ट्या काढून आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसतो आणि परत बसवतो, तीनशे रुपये. काही जणांना आत मुंग्यांचं वारूळ निघतं त्याचे वेगळे.

त्याच्याकडनंच मी एक जुना अरेंजर कीबोर्ड घेतला, अकरा हजारांत, टच रिस्पॉन्सवाला. आवाज चांगला आहे, पण हार्मोनियमचा टोन लावून डोळे मिटले तर फसत नाही. आतला आवाज खऱ्या पेटीचाच असतो, रेकॉर्ड करून सेकंदाला ४४,१०० वगैरे तुकडे करून साठवलेला, मग त्यातला थोडासा भाग गोल गोल फिरवत राहतात म्हणजे बोट उचलेपर्यंत सूर चालतो. पण खऱ्या खर्जाची जीभ जड, ती हलायला क्षणभर वेळ घेते, कीबोर्डवर ती बोट टेकायच्या आत हजर. खऱ्या पेटीवर सहा पट्ट्या एकदम दाबल्या की हवा वाटली जाते आणि सगळेच जरा दबतात, इथं कुणी दबत नाही. आणि डाव्या हाताला काही कामच नाही! पेटीची पट्टी तशी मुकीच असते, हळू दाबा जोरात दाबा तिला फरक नाही, सगळा जीव भात्याच्या हातात. कीबोर्डनं तो जीव उजव्या हाताच्या बोटांत आणून ठेवला. अण्णांनी अर्धा तास वाजवून बघितला, त्यांचा डावा हात पूर्ण वेळ हवेत हलत होता.

मग अडचण अशी आली की घरात दोन गांधार झाले. पोरगी कीबोर्डवर आणि अण्णा पेटीवर एकच अभंग वाजवायला बसले आणि पांढरी चारवर दोघं आले की लाट. पोरगी म्हणाली आजोबांची पेटी बेसूर आहे, अण्णा म्हणाले तुझ्या डबड्याला कान नाहीत. दोघं आपापल्या जागी बरोबर. मी कीबोर्ड उचलून परत दुकानात. पुतण्यानं मेनूत जाऊन स्केल ट्यूनिंग उघडलं, त्यात बाराही स्वर सेंटात वर-खाली करता येतात. पेटी शेजारी नव्हती म्हणून माझेच आकडे घातले, उणे १४, उणे १६, उणे १२. मिनिटभर पण लागलं नाही. चाचा पलीकडनं बघत होते, त्यांनी तो गांधार धरून ठेवायला लावला, कान खाली नेला आणि म्हणाले, "अजून एक घर खाली घे." पुतण्यानं उणे १५ केलं. "हां." घरी आणून पेटीला लावून बघितलं तर लाट नाही. म्हणजे चाचांच्या ब्लेडनं त्या दिवशी सव्वापटीपेक्षाही केसभर खाली गांधार ठेवला होता आणि तो त्यांच्या कानात तसाच राहिला होता. माझा हिशोब एका सेंटनी चुकला, असं मी अण्णांना सांगितलं नाही.

आणि कीबोर्डवरचं बटण दाबलं की परत बारा सारखे तुकडे, पोरीला सिनेमाची गाणी वाजवायला मोकळी. ८४ जिभा घासायची भानगड नाही. हे मान्यच करावं लागतं. उलट सप्त्यात मध्यरात्री लाईट गेली की अण्णांची पेटी चालूच राहते, हे पण मान्य करा, आणि आमच्याकडं लाईट जाते.

हिशोब : पेटीचे एकूण ४,२०० घेतले, त्यात भात्याचं पूर्ण चामडं, झाकणांची चामडी, पट्ट्यांखालची बनात (जाड लोकरी कापड), दोन नवे सूर आणि ट्यूनिंग. चार महिने झाले, पावसाळ्यात एक पट्टी फुगून अडकली तेवढी त्यांनी फुकट घासून दिली. आता पोटातली हवा टिकते किती ते मी मोजलं, तेवीसपर्यंत जाते, तेवीस दिवसांचं उट्टं म्हणायचं.

जाणाऱ्यांसाठी : शुक्रवारी दुपारी बंद असतं. गाडी बोळात घालू नका, मागं घेता येत नाही. पेटी मोटारसायकलवर नेणार असाल तर गोधडीत गुंडाळा. ट्यूनिंगला द्यायची असेल तर घरात गाणारं जे कोणी असेल त्याला सोबत न्या, किंवा निदान फोन चालू ठेवायला सांगा, चाचा विचारणार. आणि सप्ता असेल तर महिनाभर आधी द्या. तो ऑनलाईनवाला कीबोर्ड मी पुतण्याकडंच सोडून आलोय, विकला तर विक म्हणलं, अजून कोपऱ्यात उभा आहे, परवा बघितलं तर चाचांनी त्याच्यावर चामडं वाळत घातलं होतं.